जेवून आलोय

सोलापुरात आमच्या मिशनचा धर्मोपदेशक तयार करणारा एक वर्ग होता, आणि तिथं नीतिशास्त्र शिकवायला मी होतो. ईश्वरविज्ञान शिकून नुकत्याच परतलेल्या तरुणाला स्वतःच्या अकलेवर जेवढा भरवसा असतो, तेवढा मलाही होता. गिरणीचा भोंगा झाला की माझा तास सुरू होई आणि विद्यार्थी जांभया देत सत्याची व्याख्या उतरवून घेत.

कायम नेमणुकीसाठी प्रबंध लिहायचा होता. मी विषय घेतला असत्याचा. आमच्याकडं कुणाच्याही दारात गेलं की पहिला प्रश्न येतो, जेवलात का? आणि पोटात कावळे ओरडत असले तरी माणूस म्हणतो, जेवून आलोय. हे पाप आहे का? मी एक अख्खं प्रकरण खर्चून 'नाही' म्हटलं.

आमच्या मुख्याध्यापकसाहेबांना ते मुळीच पटलं नाही. ते रेव्हरंड होते, आपल्याच मुलखातले, पण सत्याच्या बाबतीत तसूभर हलत नसत. ते प्रकरण काढा, नाहीतर जूनपासून दुसरा माणूस बघतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी काढलं नाही. अडेलतट्टूपणा आमच्या घराण्यात पिढीजात आहे.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते शेवटचं विचारायला दारात हजर झाले. स्टेशनवरून थेट आले होते, मागं हमालाच्या डोक्यावर वळकटी. गाडी सकाळपासून होटगीला खोळंबली, चहाचा घोटसुद्धा मिळाला नाही, म्हणून रेल्वेच्या नावानं करवादत होते. आम्ही नवराबायको नुकते जेवायला बसणार होतो. माझी बायको अक्कलकोटकडची. तिनं बाहेर येऊन त्यांना जेवायला बसा म्हटलं.

"जेवून आलोय," साहेब म्हणाले.

मी जमिनीकडं बघत राहिलो. हसलो असतो तर नोकरी तिथंच संपली असती.

बायको म्हणाली, आमचंही उरकलंय, भाकरी उरल्यात, वाया जातील. अन्न वाया घालवणं हेही पापच, तेव्हा ते बसले. त्यांनी लांबलचक प्रार्थना म्हटली. पोटानं मध्येच आमेन म्हटलं. मग ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि दही, असं आमचं दोघांचं जेवण माझ्या डोळ्यांदेखत संपलं. मला भयंकर राग आला होता, आणि भूक त्याहून जास्त.

हात धुवायला ते मोरीशी गेले. तिथं आमची दोन ताटं कोरडी ठणठणीत पालथी घातलेली, शेजारी भाकरीची बुट्टी रिकामी. त्यांनी एक ताट उलटून पाहिलं.

"बाई, तुम्ही खोटं बोललात."

"तुमी आधी बोललात की," तांब्या पुढं करत ती म्हणाली.

साहेब हसले नाहीत. हात पुसून माझ्याकडं वळले. "ते प्रकरण राहू द्या," म्हणाले, आणि वळकटी उचलायला हमालाला हाक मारली.

ते गेल्यावर आम्ही घरात होते तेवढे शेंगदाणे आणि गुळाचा खडा घेऊन बसलो. नोकरी टिकली या आनंदात मी भराभर खात सुटलो. मूठभर उरले तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, आणि मी तिला म्हटलं, तू घे.

"मला भूक न्हाय," ती म्हणाली, आणि उरलेले दाणे माझ्या पुढ्यात सरकवले.