रुमाल टाकून धरलेली जागा

शेलूबाजारच्या फाट्यावर जीप पुरती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकायचा, हे मला कोणी शिकवलं नाही. ते आपोआप येतं. उतरणारे उतरत असतात, चढणारे दाराशी रेटारेटी करत असतात, आणि तुमचा रुमाल मात्र आधीच सीटवर जाऊन बसलेला असतो. रुमाल पडला की जागा तुमची. मग कितीही तालेवार माणूस येवो, रुमाल पाहून पुढे सरकतो.

माझं सगळं आयुष्य कटलरीच्या दुकानात गेलं. दुकान म्हणजे चार बांबू आणि वर मेणकापड. आज अनसिंगचा बाजार, उद्या मानोऱ्याचा, परवा आपल्याच गावचा. बांगड्या, पिना, रिबिनी, काजळाच्या डब्या आणि बाळंतिणीच्या घरी लागणारी झबली-टोपडी. आमच्या पोरीचे बाबा टपावर गठ्ठे बांधून सगळ्यात शेवटी जीपमध्ये यायचे, म्हणून त्यांच्यासाठी रुमाल टाकायचं काम माझं.

तर असा हात असलेली बाई मागच्या वर्षी विमानात बसून इटलीला गेली. तिथे उत्तरेकडे एक भलंमोठं तळं आहे, तळं कसलं, पलीकडचा काठ धूसर दिसतो. त्याच्या काठावरच्या इंत्रा नावाच्या गावात माझी पोरगी वृद्धाश्रमात नर्स आहे आणि जावई एका हॉटेलात स्वयंपाकी. पोरीला सातवा लागला होता. याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्हीदा पोट पडलं होतं. पहिल्या वेळी मी दुकानातलं सगळ्यात मऊ टोपडं बाजूला काढून ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी पोस्टानं पाठवलंसुद्धा, आणि ते पोचलं तेव्हा ते घालणारं कोणी उरलं नव्हतं. ते पाकीट तिनं एकटीनं उघडलं.

म्हणून या वेळी निघण्याआधी तिनं फोनवर बजावून सांगितलं, की ये, पण बाळाचं काही आणू नको, एक टोपडंही नाही. मी कबूल केलं. जन्मभर लोकांच्या लेकरांना टोपडी विकली आणि आपल्या पोरीकडे निघाले तिखट, ज्वारीचं पीठ आणि शंकरपाळ्यांचा डबा घेऊन.

तिथे पोचले तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. घरात बाळाची एक वस्तू नाही. पाळणा नाही, दुपटं नाही, एक डबीसुद्धा नाही. जावयानं मला बाहेर नेऊन हळूच सांगितलं, की डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे, हिंडा-फिरा, पण ही पलंगावरून उठत नाही. धक्का लागेल म्हणते, पाय घसरेल म्हणते. तो बिचारा दिवसभर हॉटेलात, करणार काय? मला राग लवकर येतो, तसा तेव्हाही आला. भित्रेपणाचा नाही आला. तिला इतकं भ्यावं लागतंय याचा आला.

दोन-तीन दिवस मी गुमान भाकरी केल्या. मग शनिवारी सकाळी खिडकीतून पाहते तो काय, खाली बाजार भरत होता. मी थैली उचलली आणि म्हटलं, मी बाजारात चालले. ती म्हणाली, हरवशील. म्हटलं, हरवले तर हरवले, बाजारात हरवलेली बाई उपाशी मरत नसते. मी चपला घालून जिना उतरले, आणि मागून तिचे बूट वाजले. पुटपुटत होती, शिव्याही देत असावी, पण उतरली खरी.

तिथली दुकानं गाडीतून येतात. गाडीची एक बाजू वर उचलली की छत तयार आणि खाली सगळा माल मांडलेला. मला मेला हेवाच वाटला. गठ्ठे सोडा, बांबू रोवा, दोऱ्या ताणा, असलं काही नाही. बाकी बाजार तो बाजारच. मोजेवाला गिऱ्हाईक पाहून आवाज चढवत होता, भाजीवाली शिळी पालेभाजी खाली आणि ताजी वर लावत होती. मी पोरीला दाखवलं. ती हसली नाही, पण थांबून पाहिलं तिनं.

मग मला नादच लागला. इंत्राचा बाजार शनिवारी, कानोबियोचा रविवारी, लुईनोचा बुधवारी, स्ट्रेसाचा शुक्रवारी. आपल्याकडच्यासारखंच, वार ठरलेले. कुठे बस जाते, कुठे बोट. बाजाराच्या दिवशी सकाळी मी थैली उचलायची आणि तिनं माझ्यामागे यायचं, असं चाललं. मी हरवू नये म्हणून ती येते, असं ती जावयाला सांगायची. मीही मान डोलवायचे.

बसमध्ये पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. कानोबियोची बस आली, खिडक्या सगळ्या बंद काचेच्या, मग दार उघडल्याबरोबर मी पुढच्या सीटवर रुमाल भिरकावला आणि पोरीचा हात धरून धावले. बस जवळजवळ रिकामी होती. तिथे बसलेल्या एका म्हातारीनं तो रुमाल उचलला, घडी केली आणि मोठ्या अदबीनं माझ्या हातात दिला. तिला वाटलं, माझा पडला. मी हसून पुन्हा सीटवर टाकला. तिनं पुन्हा उचलून दिला, आता जरा काळजीनं, बाईच्या हाताला काही झालंय की काय अशा नजरेनं. पोरगी मागून म्हणत होती की आई, पुरे, इथे असं नाही करत. पण म्हातारीचं तोंड पाहून तिलाच हसू फुटलं. तिथे आल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग तिनं म्हातारीला त्यांच्या भाषेत सगळं समजावलं, शेलूबाजारची जीप हातवारे करून दाखवली. म्हातारी इतकी खूश झाली की उतरताना आपला स्कार्फ सीटवर टाकल्यासारखं करून दाखवून गेली.

रात्री फोनवर पोरीच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, तिथेसुद्धा अब्रू घालवली का. मग विचारलं, पोरगी हसली का खरंच. मी हो म्हटलं. मग त्यांनी रुमालाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

आठवा लागला आणि एका रविवारी तीच म्हणाली, आई, आज बाजार नको, बेटावर जाऊ. तळ्याच्या मध्यात एक कोळ्यांचं बेट आहे, बोट तिथे थांबते. मी तर टुणकन उठले. शंकरपाळ्यांचा डबा हळूच थैलीत टाकला.

का टाकला ते सांगते. माझ्या वेळी आईनं माझं डोहाळजेवण नावेतलं केलं होतं. आमचं गाव मानोऱ्याकडचं, नाला दिवाळीलाच आटायचा, नाव पाहिली होती कोणी? पण आईच्या मनानं घेतलं. बाज अंगणात टाकली, साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून दोन्हीकडून चोच काढली, खाली निळी चादर अंथरली, झालं पाणी. आमच्यात ओटी भरत नाहीत, आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं मागे पडलं. आधी वंदना झाली, मग आळीतल्या बायांनी मला बाजेवर बसवून गोडधोड खाऊ घातलं. बाज इकडून तिकडे हलवत होत्या, नाव चालली पाहिजे ना. त्या नावेत मी जी हसले, ती अजून आठवते.

आणि इथे माझी पोरगी खऱ्या पाण्यावर खऱ्या नावेत बसलेली. समोर डोंगरांवर बर्फ. तिला हिरवं नेसवावं, चार बाया बोलवाव्या, असं मनात किती आलं म्हणून सांगू. पण जबान दिली होती. मी डबा उघडून नुसता पुढे केला.

तिनं एक शंकरपाळा खाल्ला, दुसरा घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याच पोटची, तिला काय कळत नाही?

"आई, हे डोहाळजेवण करून राह्यली का तू?"

मी म्हटलं, शंकरपाळे आहेत, खा. तिनं हातातला डब्यात परत ठेवला, झाकण लावलं आणि पाण्याकडे पाहत बोलली.

"मले दोनदा वाटलं का येईन म्हणून. नाव ठेवलं होतं मी मनात. आता वाटूनच घ्यायचं नाई मले."

तिनं नाव ठेवलं होतं हे मला माहीतच नव्हतं. रडू येत होतं, पण मी रडले असते तर तिनंच मला धीर दिला असता, आणि ते मला नको होतं. शेवटी तिचा हात धरला आणि म्हटलं, "तुले नाई जमत तं राहू दे. तुह्या वाट्याचं मी वाटून घेते."

तिनं हात सोडला नाही. बोट बेटाला लागली तशा आम्ही उतरलो.

बेट एवढंसं. एक बोळ, दोन्हीकडे उंच अरुंद घरं, वाळत टाकलेली जाळी आणि भिंतीवर आरामात पसरलेल्या मांजरी. काठाला चार-दोन मांडण्या होत्या. एका बाईनं सुईनं विणलेल्या वस्तू मांडल्या होत्या आणि त्यात, अगदी पुढ्यात, लहान टोपड्यांची रास. धंद्याची सवय, माझा हात आपसूक पुढे गेला. टोपडं हातात आलंसुद्धा, आणि मग एकदम आठवलं. चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, मांजर पाहण्याचं निमित्त करून लांब जाऊन उभी राहिले. मनात म्हटलं, बये, आता कुठे पोरगी बाहेर पडायला लागली, आणि तू घालवलंस.

पण ती माझ्यामागे आली नाही. मी मांजरीच्या आडून पाहिलं. पोरीनं ते टोपडं उचललं होतं. आधी ताणून पाहिलं, मग उलटं केलं आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. शिवण टोचते का, हे मी प्रत्येक टोपड्याचं तसंच पाहते. लहानपणी दुकानात माझ्या मांडीवर बसून तिनं ते हजारदा पाहिलं असेल. तिनं ते कानाजवळ, गालाला लावलं. मग त्या बाईशी काही बोलली, पिशवी नको म्हणाली असावी, कारण टोपडं तसंच कोटाच्या खिशात गेलं.

माझ्याजवळ आली तेव्हा मी मांजरीचं कौतुक करत होते. तिनं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारलं नाही यासाठी मला जो जोर लावावा लागला, तो फक्त मला माहीत.

परतीच्या बोटीला हीऽऽ गर्दी. रविवारची हौशी माणसं, गळ्यात कॅमेरे, हातात आइस्क्रीम. वरच्या उघड्या भागात कसंबसं एक बाक मिळालं, तिघांचं. एका टोकाला मी टेकले, दुसऱ्या टोकाला ती. सवयीनं माझा हात कमरेच्या रुमालाकडे गेला आणि थांबला. टाकणार कोणासाठी? जावई हॉटेलात, पोरीचे बाबा शेलूबाजारला. रुमाल तसाच राहू दिला.

तेवढ्यात पोरीनं खिशातून टोपडं काढलं. पांढरं होतं, काठाला पिवळी वीण. ते तिनं आम्हा दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवलं, हातानं सारखं केलं आणि समोर पाहत बसली.

बोट सुटता सुटता एक उंच, दाढीवाला तरुण आला. जागा पाहिली, टोपडं पाहिलं. पडलं असेल असं समजून त्यानं ते उचललं आणि हसून पोरीपुढे धरलं, बसमधल्या म्हातारीसारखंच. पोरीनं ते घेतलं आणि पुन्हा त्याच जागेवर ठेवलं. मग त्याला काहीतरी सांगितलं, अगदी थोडंसं. त्यानं तिच्या पोटाकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. तसाच उभा राहिला शेवटपर्यंत.

मला राहवलं नाही. म्हटलं, काय सांगितलं वो त्याले?

"सांगितलं का जागा धरली हाये," ती म्हणाली. "कोणीतरी येऊन राह्यलं."

वारा फार होता. मी टोपड्यावर हात ठेवला आणि काठ येईपर्यंत उचलला नाही.