तेल भरलेला डोळा

चष्मा काढून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं होतं त्यांनी मला. देगलूरला, बघण्याच्या कार्यक्रमात, पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा असताना. मला नुसते लाल-काळे डाग दिसत होते. "दिसत न्हाई हिला," मुलाचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, आणि पुढे गावभर तेच सांगत फिरले. त्यापायी माझी आणखी दोन स्थळं मोडली. त्या मुलाचं मला काही वाटलं नाही, पण आईचं उतरलेलं तोंड मी विसरले नाही.

तेच गृहस्थ गेल्या वर्षी नांदेडला, मी नोकरी करते त्या डोळ्यांच्या दवाखान्यात, माझ्यासमोर येऊन बसले. मला ओळखलं नाही. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता.

"नुसतं धुकं हाय बघा, बाई."

मी तक्ता वाचायला लावला. जमेना. पुन्हा लावला, बाहेरच्या रांगेला ऐकू जावं म्हणून दार उघडं ठेवून. फार बरं वाटलं मला.

मग मोजमाप. डोळ्याला प्रोब टेकवून अल्ट्रासाउंडची लहर आत सोडायची. ती मागच्या पडद्यावर आपटून किती वेळात परतते, त्यावरून डोळ्याची लांबी निघते आणि लांबीवरून आत बसवायच्या भिंगाचा नंबर. मशीनला कळतो तो फक्त वेळ. लहर कशातून गेली, ते आपण सांगायचं. यांच्या डोळ्यात पडद्याच्या जुन्या ऑपरेशनच्या वेळी तेल भरलेलं होतं, फायलीत तसं लिहिलं होतं. तेलात लहर फार हळू चालते. मशीन नेहमीच्या वेगावर तसंच राहू दिलं असतं, तर डोळा खोटाच लांब निघाला असता, भिंग चुकलं असतं आणि म्हाताऱ्याच्या नाकावर माझ्यापेक्षा जाड चष्मा चढला असता. माझे आकडे डॉक्टर सहसा पुन्हा तपासत नाहीत.

बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले. शेवटी वेग तेलाचा लावला. दया वगैरे काही आली नव्हती. या माणसाला मी स्वच्छ दिसायला हवी होते, एवढंच.

ऑपरेशननंतर तपासणीला आले तेव्हा त्यांनी तक्त्याची खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"लई साफ दिसून राहिलंय, बाई."

"आता माझ्याकडे बघा. देगलूरचं कॅलेंडर आठवतंय का, काका?"

त्यांनी आधी माझा चष्मा पाहिला, मग चेहरा. मान हळूहळू खाली गेली.

"मान वर करा," मी म्हणाले. "तपासणी संपली नाही अजून."