ओल कुठली, डाग कुठे

सदर इसम, वय अठ्ठावन्न, बांधा काटक, वर्ण मूळचा गोरा परंतु उन्हाने जप्त केलेला. व्यवसाय : गळक्या गच्च्या बंद करणे. ओळखीची खूण : डाव्या कानाच्या वरच्या कडेला छोटी खाच. सवयी : टोपी न घालणे; कुणाच्याही घरी बसण्याआधी छताकडे बघणे. उपद्रवमूल्य : किरकोळ. गल्ली त्याला डांबरशेठ म्हणते. त्यातलं डांबर तेवढं खरं आहे.

खाचेची हकिकत अशी. कानावर एक खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. बायकोने वर्षभर टुमणं लावलं तेव्हा कुठे स्वारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी जागा बधिर करून तेवढा तुकडा काढला, तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला सांगितलं, की हा त्वचेचा कर्करोग आहे. उन्हात राबणाऱ्यांमध्ये नेहमीचा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. मात्र दर काही महिन्यांनी कान आणि मान दाखवायला यायचं.

यातला ‘नेहमीचा’ एवढाच शब्द डांबरशेठने घरी आणला.

“काढलं, संपलं,” तो म्हणाला. “गच्ची करून झाल्यावर गिऱ्हाईक परत बोलावतं का मला?”

“बोलावतं की,” बायको म्हणाली. “तुम्ही जात नाही.”

तो दवाखान्यातही गेला नाही. तिनेही पुढे फार ताणलं नाही. ती कपड्यांच्या दुकानात विजारी आखूड करून देई, दिवसभर टाचण्या तोंडात धरून. घरी आल्यावर तरी टोचून बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

वर्ष-दीड वर्ष गेलं. मग धुण्यासाठी घेतलेल्या त्याच्या शर्टांच्या कॉलरला बामाचा वास येऊ लागला. फक्त डाव्या बाजूला.

“मान आखडलीय,” तो म्हणाला. “वाकून काम असतं.”

“बघू.”

“बघण्यासारखं काय आहे त्यात?”

तोवर तिचं बोट पोचलं होतं. जबड्याखाली, कानापासून चार बोटं खाली, एक गाठ होती. वाटाण्यापेक्षा मोठी, आणि दाबली तरी हलायला तयार नाही. महिनाभर तो त्या गाठीवर बाम चोळत होता, बायकोच्या नकळत.

ती ओरडली नाही. खुर्ची ओढून समोर बसली.

“मला एक सांगा. छताला ओलीचा डाग पडला आणि गिऱ्हाइकाने त्यावर नुसता रंग मारला, तर तुम्ही त्याला काय म्हणता?”

धंद्याचा विषय निघाल्यावर तो खुलला. “गाढव म्हणतो! अगं, पाणी शिरतं भलतीकडेच. आतल्या आत वाट काढत जातं आणि डाग पडतो तिसरीकडे. खाली रंग फासून...”

तो थांबला. हात आपोआप कानाकडे गेला. ‘गाढव’ हा शब्द त्याचाच होता, पण तो उच्चारायचं तिच्या जिवावर आलं. तिने बामाची बाटली उचलून आपल्या पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घालून नमुना घेतला. तो कानावरचाच रोग निघाला.

“शंभरांत चार-पाच जणांचा हा असा पुढे सरकतो,” बाई म्हणाल्या. “कानावरचा जरा जास्तच. पहिला मुक्काम मानेच्या गाठींत. तिथून फुप्फुसांत गेला नसेल, तर गाठी काढू, किरणांचा शेक देऊ. बरं होण्याची आशा चांगली आहे.”

“आणि गेला असेल तर?” बायकोने विचारलं.

“तर औषधं आहेत. पण मग बोलणं वेगळं होईल.”

स्कॅनच्या निकालासाठी दोघं बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलं होतं आणि सगळे ती राखत होते.

“रागावलीस?” त्याने हळूच विचारलं.

“घरी गेल्यावर रागावणार आहे. आत्ता वेळ नाही.”

“पण घरी नक्की ना?”

“नक्की. भरपूर.”

तेवढ्यावर त्याला बरंच हायसं वाटलं. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. नखांत डांबर होतं. ते ती टाचणीने उकरून काढत राहिली, नंबर पुकारला जाईपर्यंत. दारातून आत जाताना दोघांनी एकमेकांचा दंड धरला होता, आणि आधार कोण कोणाला देतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

फुप्फुसं स्वच्छ होती.

मानेच्या गाठी काढल्या, शेक झाला. घरी सोडताना मिळालेल्या कागदानुसार सदर रुग्णाच्या डाव्या मानेतील ग्रंथींचे विच्छेदन यशस्वीरीत्या पार पडले असून प्रकृती समाधानकारक आहे, व दर तीन महिन्यांनी तपासणी अनिवार्य आहे.

गाठी काढताना खांद्याची नस दुखावली, तेव्हापासून डावा हात खांद्याच्या वर जात नाही. रोज सकाळी ती शर्टाची बाही धरून उभी राहते, आणि तो तीत हात घालतो.