फळ्यावर खोटं येत नाही

अरविंदशेठ सकाळी कॅसेटच्या दुकानाचं शटर वर करायचे ते आधी फळा लिहायला. पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. रविवार कारंजाजवळच्या त्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं तरी फळा पुरा होईपर्यंत कॅसेट मिळायची नाही. वर ‘आजच्या दिवशी’, खाली कुणा गायिकेचं पहिलं ध्वनिमुद्रण, कुठल्या संगीतकार जोडीचं फाटलेलं, कुणाचा मृत्यू.

हे सगळं एका जाड वहीतून यायचं. वहीत प्रत्येक हयात कलावंताच्या जन्मतारखेपुढे थोडी जागा कोरी सोडलेली असे. शाळेत शिकवायला जाताना मी रोज तिथे थांबायचो; ती कोरी जागा मला बघवत नसे.

“मास्तर, तारखेला दयामाया नसते,” शेठ म्हणायचे. “आपण फक्त खरी लिहायची.”

एकदा एका गायकाच्या जन्मतारखेत एका दिवसाची चूक निघाली, तर या गृहस्थाने फळ्यावर जाहीर माफी मागितली. बायकोची कधी मागितली नसेल.

समोर हौसाबाई फुलं विकायच्या. त्यांची मुलगी शोभा ऑर्केस्ट्रात गायची; शेठच्या वहीत तिचंही नाव होतं. एका सकाळी हौसाबाई टोपली तशीच टाकून दुकानात आल्या.

“भाऊ, शोभीच्या डोक्याला कावळा शिवला. लय वंगाळ हाय. शोभा गेली म्हून फळ्यावर लिवा, एक दिसापुरतं. चार लोकं हळहळली की टळतं.”

रीत जुनीच. पूर्वी कावळा शिवला की नातेवाइकांना मरणाचं खोटं पत्र धाडत. त्यांचं रडून झालं की माणूस सुखरूप असल्याचं दुसरं.

“मावशी, फळ्यावर खोटं येत नाही,” शेठ म्हणाले.

“गुरजी, तुमी तरी सांगा.”

मी हसलो. शिकलेला ना मी! त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आठव्या दिवशी सिन्नरचा कार्यक्रम करून येताना ऑर्केस्ट्राची जीप उलटली. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. शोभा गेली. शेठनी वहीतली तिच्या नावापुढची कोरी जागा भरली. हौसाबाई पंधरा दिवसांनी पुन्हा फुलं घेऊन बसल्या, पण दुकानाकडे पाठ करून. शेठ रोज त्या पाठीकडे बघत फळा लिहायचे.

पुढच्या वर्षी फळ्यावर एकच ओळ दिसली : ‘आजच्या दिवशी शोभा गेली.’

“शेठ, आठ दिवस आधी लिहिलंत.”

“ठाऊक आहे. मावशी आल्या होत्या ती तारीख आहे ही.”

लोक फळा वाचून आपल्याकडे बघताहेत हे पाहून दुपारी हौसाबाई उठून आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते मी सांगितलं.

“बरं केलं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आता सुखरूप हाय म्हून कवा लिवनार?”

शेठनी फळा उचलून आत नेला. तो पुन्हा बाहेर आला नाही.