लोरीनचा एक हॉर्न

मेम्फिसच्या गोदामात लोरीन पिकेट तेवीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होती. एवढ्या वर्षांत तिने कुठे साधा ओरखडा काढला नव्हता, आणि ते ती कुणाला विसरूही देत नसे. जुन्या मंडळींची हॉर्नची स्वतःची भाषा होती. कोपऱ्यावर एक हॉर्न म्हणजे 'थांब, मी येतेय'. दोन म्हणजे 'तू हो पुढे'. नियमांच्या पुस्तकात यातलं अक्षर नव्हतं, आणि नव्यांना कुणी शिकवतही नसे. "टिकले तर शिकतील," लोरीन म्हणायची.

मारिसेलाला गोदामात कामाला लागून तीनच आठवडे झाले होते. रोज मक्याच्या पानातले तमाले पुढे करायची. "घ्या ना, मिस लोरीन. नुसत्या कॉफीवर माणूस चालतो का?"

"मी बॅटरीवर चालते, पोरी. तू चाकांपासून लांब राहा म्हणजे झालं."

मंगळवारी बाराव्या रांगेच्या कोपऱ्यावर लोरीनने एकदा हॉर्न वाजवला. मारिसेला हातगाडी घेऊन पुढे आली. लोरीनने गाडी वळवली आणि मागचं चाक मारिसेलाच्या पावलावरून गेलं.

सुपरवायझर ड्वाइट कागद घेऊन आला. "हॉर्न दिला होतास ना?"

"दिला होता."

"मग 'कामगाराचं लक्ष नव्हतं' असं लिहितो. कर सही."

हॉर्नचा खरा अर्थ सांगितला असता तर चूक लोरीनची ठरली असती आणि फोर्कलिफ्ट तिच्या हातून गेली असती. लोरीनने सही केली. त्या सहीवर मारिसेलाची नोकरी गेली.

तीन आठवडे लोरीनने काढले, मग पीचचा गोड पदार्थ करून तिच्या घरी गेली. मारिसेला कुबड्यांवर दाराशी आली. रागावलेलीही नव्हती.

"मिस लोरीन, ते म्हणतात माझं लक्ष नव्हतं. पण तुम्ही हॉर्न वाजवून मला बोलावलंत, म्हणून तर मी आले!"

"मी थांब म्हणाले होते."

"असं होय? कुणी सांगितलंच नाही हो मला."

भांडं तिच्या हाती देऊन लोरीन तडक गोदामात आली.

"नवा कागद घे, ड्वाइट. चूक माझी."

"डोकं फिरलंय का? गाडी जाईल तुझी."

"लिही म्हटलं ना!"

गाडी गेली. हल्ली ती खोक्यांना पट्ट्या चिकटवते. मारिसेलाला कामावर परत बोलावणारं पत्र महिन्याभराने निघालं आणि तसंच परत आलं. ती टेक्सासला बहिणीकडे निघून गेली होती. पत्ता लोरीनकडेही नव्हता.