जाळ्यांच्या खोलीतला कॉम्प्युटर

परवा मालवण बंदरावर ओल्या जाळ्यांचा वास आला आणि मला काकाचा नव्याने राग आला.

२००५ साली मी नऊ वर्षांची होते. गोव्यात नोकरी करणाऱ्या काकाने कॉम्प्युटर आणून आमच्या जाळ्यांच्या खोलीत ठेवला. त्यावर एक खेळ होता. रिकाम्या घरात कंदील घेऊन फिरणारी मुलगी आणि कुठेतरी ठिबकणारे पाणी. मी काळोखाला भिते, हे काकाला ठाऊक होते. एका दुपारी त्याने खिडक्या लावल्या, मला खेळायला बसवले आणि बाहेरून कडी घातली. "खेळ संपल्याशिवाय भायर येवचा नाय!"

ती मुलगी तळघराच्या दाराशी पोचली आणि वीज गेली. टांगलेली जाळी अंगावर येतायत असे वाटून मी किंचाळले. बाहेर काका हसत होता. "भूत इला गो!"

आईने कडी काढली. "रडतंस कित्याक? काकान मस्करी केल्यान."

तेव्हा मला माझीच लाज वाटली होती. त्या खेळात घाबरलेल्या मुलीला कोणत्याही दारातून मागे फिरता येत असे. खेळ बनवणाऱ्या परक्या माणसांना जे सुचले, ते आमच्या घरात एकालाही सुचले नाही.