इटलीला अरबीत लावलेला फोन

कौमुदीताई शिर्के सौदीतल्या यान्बूच्या आमच्या हॉस्पिटलात आयसीयूची इन-चार्ज सिस्टर होती. मूळची चिपळूणची. नवरा तिथल्याच एका प्लांटवर फिटर होता. तो अचानक गेला तेव्हा त्यांची मुलगी रुचिरा दुसरीत होती. माहेरचे लोक परत ये म्हणून मागे लागले, पण ताईने नोकरी सोडली नाही. मी लॅबमध्ये आणि राहायला तिच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये, त्यामुळे रुचिरा माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली.

मुलगी गायची. आमच्या कंपाउंडमध्ये एका इटालियन इंजिनिअरची बायको मुलांना पियानो शिकवायची, तिच्याकडे ही रोज जाऊन बसायची. गाता गाता ती भाषाही शिकली. बारावीनंतर आर्किटेक्चरसाठी इटलीत तोरिनोला गेली आणि तिसऱ्या वर्षाला असताना एक दिवस फोन आला, "मम्मा, आय गॉट सिलेक्टेड." टीव्हीवर दाखवतात त्या नव्या गायकांच्या एका स्पर्धेत तिची निवड झाली होती. बाकीचे सगळे स्पर्धक तिकडेच जन्मलेले. ही एकटीच बाहेरची.

स्पर्धा दर रविवारी दुपारी असायची. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ, आणि रविवार म्हणजे कामाचा दिवस. तरी ताई ड्युटी बदलून घ्यायची आणि माझ्या घरी लॅपटॉपसमोर येऊन बसायची. तिला एक अक्षर कळत नसे. परीक्षक बोलायला लागले की ती माझा हात धरायची आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहायची. पहिल्या दोन फेऱ्या रुचिराने पार केल्या. दुसऱ्या फेरीनंतर तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या फेरीआधी तिला सर्दी झाली होती. फोनवर आवाज बसलेला वाटला म्हणून ताई म्हणाली, "या वेळी गाऊ नकोस. तब्येत बरी नाही म्हणून सांग त्यांना."

"असं नाही चालत, मम्मा. इट्स लाइव्ह."

ती स्टेजवर आली. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्या कडव्यात वर जायची जागा होती तिथे आवाज फाटला आणि मग आलाच नाही. नुसती हवा. वाद्यं वाजत राहिली. तिने परत प्रयत्न केला, पुन्हा तसंच. मग ती माइक खाली ठेवून कॅमेऱ्यासमोरून चालत निघून गेली. निवेदक काहीतरी बोलला आणि लोक हसले. ते हसणं समजायला भाषा लागत नव्हती.

ताईने लगेच फोन लावला. बराच वेळ वाजून बंद झाला. तासाभराने तीनच शब्दांचा मेसेज आला, 'आय अ‍ॅम फाइन'. त्यानंतर फोन बंद.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओचा तो तुकडा नेटवर सगळीकडे फिरत होता. ताई एकेक शेरा भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकून वाचायला लागली. मी फोन काढून घेतला तर म्हणाली, "स्वप्ना, दे इकडे. तिने हे वाचलंय. मग मलाही वाचू दे." कोणी लिहिलं होतं, हिला तिच्या देशात परत पाठवा. कोणी त्या फुटलेल्या आवाजावर बकरीचा आवाज जोडला होता.

कार्यक्रमवाल्यांना मेल केला. उत्तर आलं की स्पर्धक स्वतःहून निघून गेली, आता ती आमची जबाबदारी नाही. विद्यापीठाने चौकशी करतो म्हटलं. तिथल्या भारतीय वकिलातीने माहिती लिहून घेतली. आमच्या प्रशासनातल्या हाशमने ताईची रजा आणि बाहेर जाण्याचा परवाना जागच्या जागी करून दिला, पण इटलीच्या व्हिसासाठी पुढच्या महिन्याआधी तारीखच मिळेना. हातात पासपोर्ट घेऊन ताई त्याच्या टेबलासमोर बसून राहिली. हाशम म्हणाला, "सिस्टर, मी अजून काय करू, सांगा."

मग तिला ते बाकीचे स्पर्धक सुचले. रुचिराने नेटवर टाकलेल्या फोटोंमध्ये सगळ्यांची नावं होती. तिने भाषांतर करून एकेकाला लिहिलं, 'मी रुचिराची आई. माझी मुलगी फोन उचलत नाही. कृपा करून कोणीतरी तिच्या दारावर जा.' खाली पत्ता. बहुतेकांनी ते उघडलंही नाही. अनोळखी बाईचा मेसेज, त्यांना रोज शेकडो येत असणार. एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्यांच्यातल्याच सहर नावाच्या मुलीचा मात्र फोन आला. तिला थोडी इटालियन वळणाची इंग्रजी येत होती, ताईची इंग्रजी हॉस्पिटलपुरती. दोघी अडखळत होत्या. मध्येच घाबरून ताईच्या तोंडून अरबी शब्द निघाला. ती मुलगीही मग अरबीतच बोलायला लागली. आईवडील ट्युनिशियाचे होते. त्यांची अरबी निराळी, ताईची पेशंटांकडून उचललेली, पण आता एकमेकींचं कळत होतं.

"खाला, आज माझी रिहर्सल आहे," सहर म्हणाली. "संध्याकाळी जाते."

"संध्याकाळी नको," ताई म्हणाली. "आता जा. मी आयसीयूत काम करते, बेटी. संध्याकाळपर्यंत काय होतं ते मी बघितलंय."

सहर म्हणाली, "निघते."

ताईने फोन बंद करू दिला नाही. ट्रामचा आवाज, जिन्यातली पावलं, मग दार वाजवण्याचा आवाज. सहर हाका मारत होती. ताई इकडून मराठीत हाका मारत होती, जणू दाराआड ऐकू जाईल. घरमालकीण आली, तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. सहर किंचाळली.

ताईचा आवाज एकदम बदलला. वॉर्डात बोलते तसा झाला. "रडू नकोस. छाती हलते का बघ. हलते? मग तिला कुशीवर वळव. तोंडात पाणी घालू नको. मालकिणीला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांग. तू तिच्याजवळून हलू नको." टेबलावर काय पडलं होतं ते सहरने सांगितलं. ताईने औषधाचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि डॉक्टरांना तेच सांग म्हणाली. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आत आल्यावर फोन तुटला. तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि तिचे दात वाजायला लागले. मी तिला चादरीत गुंडाळून धरलं. थंडी अजिबात नव्हती.

रुचिरा वाचली. सहर तो सगळा दिवस हॉस्पिटलात बसून होती, रिहर्सल बुडाली. रविवारी तशीच गायली आणि स्पर्धेतून बाहेर पडली. ताईने माफी मागायला फोन केला तर ती तुटकपणे म्हणाली, "खाला, त्याबद्दल मला बोलायचं नाही." किती वर्षं तयारी केली असेल तिने. ताईने पुन्हा तो विषय काढला नाही.

व्हिसा मिळून ताई पोचली तोवर रुचिरा मानसोपचाराच्या वॉर्डात होती. आईला बघून भिंतीकडे वळली. "व्हाय डिड यू कम?" एवढंच बोलली. तेही घोगऱ्या आवाजात. सर्दीत जोर लावून गायल्यामुळे गळ्यात रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता आवाज येईल, गाण्याचं सांगता येत नाही.

मुलीला यान्बूला आणता येईना. मुदतीपेक्षा जास्त काळ सौदीबाहेर राहिल्यामुळे तिचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, केव्हाच रद्द झाला होता. तिला वॉर्डातच ठेवून ताई एकटी परत आली ती नोकरीचा राजीनामा द्यायला. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, देश कायमचा सोडल्याचा, शिक्का बसला. इतक्या वर्षांचा संसार तिने माझ्या आणि फिलिपिनो सिस्टरांच्या हवाली केला, कुठलीही वस्तू धड बघितलीही नाही. विमानतळावर म्हणाली, "मी हिला इथे वाढवलं आणि आता हिला आत येता येत नाही. कुणावर चिडायचं तेच कळत नाही."

आता दोघी चिपळूणला असतात. सहर अधूनमधून फोन करते. रुचिरा घेत नाही, ताईच बोलते. शिक्षण अर्धवट राहिलंय. घरात रेडिओ, टीव्ही काही लावत नाहीत. शेजारच्या देवळात भजन सुरू झालं की रुचिरा उठून मागच्या पडवीत जाते. ताई तिच्या खोलीच्या दाराशी अंथरूण घालून झोपते, आणि आतून कूस बदलल्याचा आवाज आला नाही तर उठून तिचा श्वास बघते.

गेल्या शुक्रवारी मी फोनवर विचारलं, "ताई, कशी आहे गं ती?"

"काल माझ्याशी भांडली," ती म्हणाली. "मी सारखी बघत असते म्हणून. बरंच बोलली." मग म्हणाली, "मी बघायचं थांबवणार नाहीये, स्वप्ना. मला जमणारच नाही ते."